चुकलेला ठोसा

फार मागची गोष्ट सांगते. तेव्हा राजा होता, पण तो लांब होता, आणि गावांची भांडणं गावांनाच मिटवावी लागत.

एका नदीच्या दोन काठांना दोन गावं होती. नदीच्या मधोमध बेट, आणि बेटावर कमरेइतकं गवत. ते गवत वर्षभर कोणाच्या गुरांनी खायचं, हे जत्रेच्या दिवशी मुठींच्या झुंजीवर ठरायचं. दोन्ही गावांचा एकेक गडी वाळूत उतरायचा. नियम एकच होता. ज्याचा हात जमिनीला टेकला तो हरला, आणि त्याच्यासोबत त्याचं गाव हरलं.

अलीकडचं गाव सारखं हरत होतं. हरलेल्या गावाने गुरं डोंगरापलीकडे न्यायची, आणि डोंगरात बिबट्या होता. सांजेला गाय परत यायची, वासरू यायचं नाही. मग ती गाय दावं ओढत हंबरत राहायची आणि घरात कोणाला घास गिळवायचा नाही.

अशा गावात एक पोरगा निघाला. बाप ढोल वाजवायचा, म्हणून याला सगळे ढोल्या म्हणत. याची बोटं कधी थांबायची नाहीत. जेवताना ताटावर, बसला की गुडघ्यावर, उभा राहिला की खांबावर. एकदा बाजारात माजलेला एडका त्याच्या अंगावर आला. ढोल्याने कपाळावर अशी मूठ दिली की एडका मटकन खाली बसला आणि बराच वेळ विचार करत राहिला.

झालं. गावाने त्याला उचललं आणि तालमीत नेऊन उभा केला.

तालीम एक बाई चालवायची. तिला आक्का म्हणत. बापाच्या मागे तालीम तिच्याकडे आली होती. तिचा नवरा जत्रेच्या त्याच वाळूत हरला होता, आणि त्यानंतर त्याने गावात मान वर केली नाही.

पाटील म्हणाला, "आक्का, जत्रा तोंडावर आली. याला सगळे डाव शिकवून टाका."

"आधी बघते तरी."

"बघायला वेळ कुठाय?"

"मग तुम्हीच उतरा वाळूत. तुमचं पोट तर आधीच पुढे आहे."

पाटील तरीही गेला नाही. येरझाऱ्या घालत राहिला.

आक्काने ढोल्याला मारायला लावलं. त्याचा हात दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा. कोपर मात्र ढोल वाजवताना असतं तसं बाहेर. 'कोपर आत घे' हे आक्काच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. सगळा जोर त्या वेड्यावाकड्या कोपरातूनच येत होता. ते सरळ केलं असतं तर कोपर शहाणं झालं असतं आणि जोर गेला असता.

मग तिला दुसरंच दिसलं. मारताना हा सगळा पुढे जातो. पाय मागे कुठे राहिलेत, याला पत्ताच नाही.

तिने आपलं जुनं लुगडं अंगणातल्या दोरीवर टाकलं. वारा सुटला होता. लुगडं फडफडत होतं.

"मार त्याला."

ढोल्या हसला. "लुगड्याला?"

"तोंड कमी, हात जास्त."

ढोल्याने ठोसा दिला. लुगडं वाऱ्यासोबत बाजूला झालं आणि ढोल्या भेलकांडत गेला. दोन्ही हात मातीत. तो उठला, चिडून पुन्हा ठोसा मारला. पुन्हा मातीत. कुंपणावरची पोरं हसून लोळायला लागली. एक म्हणालं, "लुगडं जिंकलं रे."

ढोल्याचे कान लाल झाले. "आक्का, मला लढायला आणलंय. धुणं धुवायला नाही." आणि तो निघून गेला.

पाटलाला हेच हवं होतं. त्याने आपल्या अंगणात भुशाचं पोतं टांगलं. ढोल्या पोत्याला ठोसे देऊ लागला. धाड, धाड. गाव गोळा व्हायचं. प्रत्येक ठोशाला माणसं मान डोलवायची. बाया दूध आणून द्यायच्या. पोतं फाटलं की दुसरं यायचं. "यंदा गवत आपलं," पाटील दिसेल त्याला सांगायचा, आणि पुन्हा पुन्हा सांगायचा, कारण त्याचा जीव आतून ठिकाणावर नव्हता.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात आक्का त्या अंगणात आली. पदर खोचला आणि पोतं आणि ढोल्याच्या मध्ये उभी राहिली.

"मला मार."

"आक्का, बाजूला हो."

"मार म्हणते ना. का पोत्यापुढेच मर्द आहेस?"

ढोल्याने ठोसा मारला. आक्काने काही केलं नाही, फक्त एक पाऊल बाजूला झाली. ढोल्याचे दोन्ही हात गावासमोर मातीत टेकले.

कोणी हसलं नाही. लांब कुठेतरी एक गाय हंबरली.

"गेलं गवत," आक्का म्हणाली. "पोतं पळत नाही. ढोलही पळत नाही, तो तुझ्या गळ्यातच बांधलेला असतो. म्हणून त्या लुगड्याखेरीज तुझा ठोसा आजवर कधी चुकला नाही, आणि चुकल्यावर काय करायचं ते तुला ठाऊक नाही. माझा नवरा दुसऱ्याच्या ठोशाने पडला नव्हता रे. स्वतःच्याच पडला होता."

ढोल्या मातीतच बसून राहिला. त्याची बोटं पहिल्यांदाच गप्प होती. मग तो म्हणाला, "आक्का, लुगडं अजून दोरीवर आहे का?"

"काढलंच नव्हतं."

मग तो पडला, उठला, पुन्हा पडला. आक्का फक्त पायांकडे बघायची. "टाच उचलली. गुडघा सैल सोड. आता उभा राहा." हातांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पाटील कुंपणाबाहेरून ओरडायचा, "निदान एक तरी ठोसा शिकवा."

"त्याला येतो तो त्याचाच राहू द्या," ती म्हणायची.

जत्रेचा दिवस आला. पलीकडच्या गावाचा गडी जाडजूड आणि संथ. तो मारायचा नाही. तो बाजूला सरकायचा आणि समोरचा आपोआप पडायचा. बरीच वर्षं त्याने एवढ्यावरच गवत खाल्लं होतं.

ढोल्याने पहिला ठोसा दिला. गडी सरकला. अलीकडच्या गावाने डोळे मिटून घेतले. उघडले तर ढोल्या उभा. गुडघा वाकलेला, टाच वाळूत रुतलेली, हात हवेत.

दुसरा ठोसा चुकला. तिसरा चुकला. ढोल्या उभाच. गड्याच्या कपाळावर घाम आला. चुकूनही उभा राहणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. आता मारायची पाळी त्याच्यावर आली. त्याने सगळा जोर लावून मूठ फेकली.

ढोल्या लुगड्यासारखा बाजूला झाला.

गड्याचा तळवा धप्पकन वाळूत टेकला.

त्या वर्षी वासरं बेटावर चरली. पाटील आपल्या मुलाला घेऊन तालमीत आला. "आक्का, यालाही लुगड्यावर शिकवा."

"याला ठोसा मारता येतो?"

"नाही."

"मग याला पोतंच लागेल. तुमच्याकडे आहेत ना बरीच? पाठवून द्या."

ज्याचा हात जन्मापासून तयार आहे, त्याला मारायला शिकवू नये. चुकल्यावर उभं राहायला शिकवावं.