ढोलीतल्या बिया

बालमित्रांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक खार आणि एक बुलबुल शेजारी राहत असत. त्या जंगलात तोरणे, करवंदे, भोकरे अशी कितीतरी रानफळे होती. पुढे जंगलाच्या कडेला मक्याची शेते झाली. मका गोड आणि बारा महिने मिळणारा. माकडांनी रानफळे सोडली, त्यांचे पाहून इतरांनीही सोडली. फळे कोणी खाईना, त्यामुळे बिया झाडाखालीच पडून वाया जाऊ लागल्या. जुनी झुडपे वाळत गेली आणि त्यांच्या जागी नवी उगवेनात.

खारीला याची काळजी वाटली. तिने प्रत्येक फळाच्या बिया वेचल्या, ढोलीत रचल्या आणि ढोलीचे तोंड पाल्याने बंद केले. "आता आपल्या रानफळांना धोका नाही," असे ती सर्वांना सांगे. सगळे तिचे कौतुक करत आणि मका खायला निघून जात. बुलबुल मात्र रोज रानफळेच खाई. माकडे त्याला हसत. "अरे, गोड मका सोडून ही आंबटचिंबट फळं काय टोचत बसतोस?" बुलबुल म्हणे, "मला आवडतात," आणि दुसऱ्या झुडपावर जाऊन बसे.

एका उन्हाळ्यात मक्यावर अळी पडली आणि बघता बघता शेते उजाड झाली. पिल्ले भुकेने रडू लागली. सारे खारीकडे धावले. "खारूताई, तुझ्या बिया काढ. निदान त्या तरी खाऊ!" खारीने मोठ्या आशेने पाला बाजूला केला. आत किडीने पोखरलेली टरफले आणि मूठभर भुसा होता. खार मटकन खाली बसली. "मी तर एकाही बीला तोंड लावलं नव्हतं," ती म्हणाली.

"ऊठ, खारूताई. ओढ्यापलीकडे चला सगळे," बुलबुल म्हणाला. फळे खाऊन तो ओढ्यापलीकडे बसायला जाई. त्याच्या शिटेतून पडलेल्या बिया तिथे रुजल्या होत्या, आणि सारा उतार तोरणा-करवंदांच्या जाळ्यांनी भरला होता. माकडाच्या एका पिल्लाने घाईघाईने तोरण तोंडात टाकले आणि लगेच थुंकले. "हिरवं नको रे, पांढरं झालेलं घे," बुलबुलाने सांगितले. मग ते पिल्लू खातच सुटले. मक्याइतके कोणाचे पोट भरले नाही, पण सगळी पिल्ले जगली. खारीनेही फळे खाल्ली आणि बिया ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पुरल्या.

तात्पर्य : जुने अन्न कोठारात ठेवून टिकत नाही, ते ताटात येत राहिले तरच टिकते.