मोरीचं पाणी कुणाचं?

धामणीच्या विश्वासराव इनामदारांच्या मोरीचं पाणी भिंतीपलीकडे गोदा कासारणीच्या परसात वाहत जाई. गोदाने त्याला पाट काढून दिला, काठाला अळू आणि कर्दळ लावली आणि पुढे वांगी, भेंडी, झेंडूचे वाफे केले. दसऱ्यापर्यंत तिची परसबाग अशी बहरली, की लोक इनामदारांची बाग सोडून तीच पाहायला थांबू लागले.

हे विश्वासरावांना खुपलं. त्यांनी गोदाला चावडीवर बोलावून साऱ्या गावासमोर बजावलं, "पाणी माझं, तेव्हा त्यावर पिकलेली भाजी आणि फुलंही माझी. उद्यापासून सगळं वाड्यावर पोचतं कर."

गोदाने पदर सावरून हात जोडले. "मान्य आहे, सरकार. पण गेल्या वर्षी हेच पाणी माझ्या दारात तुंबलं, डास झाले, माझी लेक महिनाभर तापाने फणफणली. मी वाड्यावर आले, तेव्हा तुम्हीच म्हणालात, भिंतीबाहेर गेलेलं पाणी आमचं नाही. आता ते पुन्हा तुमचं झालं असेल, तर आधी सगळं पाणी भिंतीआड न्या. भाजी मी मागोमाग घेऊन येते."

चावडीत हशा पिकला. विश्वासरावांना मात्र त्या दिवशी दारात रडवेली उभी राहिलेली गोदा आठवली. आपण झोपाळ्यावरून उठलोही नव्हतो, हेही आठवलं. त्यांची मान खाली गेली.

"लेक कशी आहे आता?" त्यांनी हळूच विचारलं.

"बरी आहे, सरकार," गोदा म्हणाली. "पण विचारायला वर्ष लावलंत."