पिठीची सात दारं

एका राज्यात, राजवाड्यामागच्या विहिरीवर, एक बातमी अर्धीच ऐकू आली. पाणी भरणारी ठमा दोर ओढता ओढता म्हणाली, "ऐकलंत का, पिठीच्या पोटात खजिन्याची किल्ली..." तेवढ्यात वाड्याची घंटा झाली आणि ठमा घागर डोक्यावर घेऊन निघून गेली.

उरलेलं वाक्य गावाने पुरं केलं. कुणी म्हणालं, पिठीने किल्ली गिळली. कुणी म्हणालं, छे, जन्मापासूनच तिच्या पोटात आहे आणि सोन्याची आहे. पिठी म्हणजे राणीची मांजर, पिठासारखी पांढरी. आणि खजिना म्हणजे सात दारांआडचा, बारा वर्षांत कुणी न पाहिलेला.

त्याची हकिगत अशी. बारा वर्षांमागे राजा रत्नकेतू दिवाळीला सासुरवाडीस निघाला होता. रथ जुंपले होते, सातही दारांना कुलपं पडली होती. इतक्यात एक पोटुशी जोगीण आली. "राजा, माझे दिवस भरलेत. एक खोली दे."

"आम्ही गावाला निघालो आहोत. दिवाळीनंतर ये."

जोगीण म्हणाली, "ही दारं आता तुला उघडायची नाहीत. ज्याला आसरा हवा त्यालाच उघडतील. तोवर या वाड्यात दिवा टिकणार नाही. बारावी दिवाळी अंधारात गेली, तर वाड्याचा डोंगर होईल." एवढं बोलून ती नदीच्या पाण्यावरून चालत पलीकडे गेली. पाय ओले झाले नाहीत.

तेव्हापासून वाड्यात पणती लावली की विझे. आसऱ्याच्या नावाने चोर शिरतील म्हणून राजाने दारांवर पहारे बसवले, आणि दर दिवाळीला सगळं कुटुंब राणीच्या माहेरी जाऊ लागलं. अंधाऱ्या घरात फराळ तरी कसा गोड लागावा?

यंदा बारावी दिवाळी. राजाने आशा सोडली आणि पहारेकऱ्यांनाही घरी पाठवलं. राणी कुवलया पेटारा भरत होती, तर पिठी पेटाऱ्यात जाऊन बसली ती उठेना. राजवैद्याने तिचं पोट चाचपलं. "दूधभाताने सुटलेलं पोट नाही हे, राणीसाहेब. गाभण आहे. चार दिवसांत विईल."

"ही तर कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही," राणी म्हणाली.

दिवाण पुढे झाला. "महाराज, गाव म्हणतं किल्ली तिच्या पोटात आहे. पोट चिरलं तर वाडा वाचेल."

राजाची नजर पिठीच्या पोटावर गेली. ती नजर राणीला कळली. तिने पिठीला पदराखाली घेतलं आणि मागल्या दाराने तडक गोजराबाईचं घर गाठलं. गोजराबाई ही वाड्याची शेजारीण. तिची खिडकी वाड्याकडे उघडे, आणि वाड्यात आज कोणती भाजी झाली हे राजाच्या आधी तिला कळे.

"गोजराबाई, तीन दिवसांचा प्रवास हिला सोसायचा नाही. तुमच्यापाशी ठेवते."

"ठेवा की. मला तर ठाऊकच होतं. आमचा ठोक्या बोका सबंध श्रावणभर तुमच्या कौलांवर होता. मी बोललेही त्याला. ऐकतोय कुठला."

"तीन गोष्टी सांभाळा. माझं हे जुनं लुगडं टोपलीत घाला, तिला माझा वास लागतो. दूधभात कोमट द्या, दिवसातून तीनदा. आणि पिल्लं झाली की डोकावू नका. कुणी पाहिलं की मांजर जागा बदलते."

"डोकावायची मला सवयच नाही," गोजराबाई म्हणाली. भिंतीवरची साळुंकी हसली. त्या राज्यात साळुंक्या बोलत आणि हसतही.

राणी गेली. जाताना तिने दिवाणाला आपल्याच रथात बसवलं, अगदी समोर.

तिसऱ्या दिवशी पिठी व्यायली. लुगड्याखालून चूंचूं ऐकू येई. गोजराबाईने स्वयंपाक केला, भांडी घासली, चकल्या पाडल्या. मग म्हणाली, "किती आहेत तेवढंच बघते," आणि लुगड्याचा काठ उचलला. चार होती. पिठीने तिच्याकडे एकदा पाहिलं. दुपारी टोपली रिकामी.

"वाड्यात गेली," साळुंकी म्हणाली. "पहिलं दार डोक्याने ढकललं, उघडलं."

गोजराबाई वाटी घेऊन गेली. बारा वर्षांचं कुलूप खाली पडलं होतं आणि दार मांजरीपुरतं किलकिलं होतं. दूधभात तर द्यायलाच हवा. आणि द्यायचा तर आत पाहायला हवं. तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिठी दुसऱ्या दाराआड.

असे दिवस गेले. रोज गोजराबाई ठरवी, आज डोळे मिटून वाटी ठेवायची. रोज एक डोळा उघडे. रोज पिठी एकेक पिल्लू मानेला धरून पुढल्या दाराआड नेई, आणि दार तिला वाट देई.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती सातव्या दाराआड होती. वाड्याच्या पायऱ्या गार पडू लागल्या होत्या.

साळुंकी म्हणाली, "बाई, आत जाऊ नकोस. डोंगर व्हायला लागलाय. तूही दगड होशील."

"ती सकाळपासून उपाशी आहे. दूधभात पोचवते, मग बघू."

पहिल्या दारापाशी तिची पावलं जड झाली. चौथ्यापाशी गुडघे. सातव्यापाशी हातातली वाटी तेवढी हलकी राहिली. आत काळोख. एका उघड्या पेटीत जुन्या रेशमी वस्त्रांवर पिठी पिल्लांना पाजत होती.

"अगं बाई," गोजराबाई म्हणाली, "बाळंतिणीची खोली, आणि दिवा नाही?"

शाप तिच्या ध्यानातही राहिला नाही. कोपऱ्यात समई होती. आपल्या लुगड्याच्या काठाची वात वळली, दूधभातावरचं तूप घातलं, कनवटीची चकमक झाडली. समई लागली, आणि लागलेली राहिली. मग सहाव्या खोलीतला दिवा आपोआप लागला, मग पाचव्यातला. पायऱ्या ऊन झाल्या. वाड्याचा उजेड तीन दिवसांच्या वाटेवर, राणीच्या माहेरच्या अंगणात पडला.

भाऊबीज उरकून मंडळी परतली. राजाने सातही दारं उघडी पाहिली आणि जोडे काढून आत आला. खजिन्याच्या पेट्या उघडल्या. सोन्याचा कोळसा झाला होता.

दिवाणाने कपाळाला हात लावला. राजाने एक कोळसा उचलून पाहिला. मग म्हणाला, "थंडी पडू लागली आहे. बाळंतिणीच्या शेगडीला होईल. आणि ही दारं आता अशीच राहू द्या. कुणी दारी आलं, तर आधी आत घ्या, मग नाव विचारा."

राणी गोजराबाईकडे वळली. "मी सांगितलं होतं ना, डोकावू नका."

"डोकावले नाही, राणीसाहेब. वाटी ठेवताना नजर पडली."

"किती वेळा?"

"सात."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायांनी ठमाला घेरलं. किल्ली होती की नव्हती?

"किल्ली कुठली, तेच तर सांगत होते," ठमा घागर बुडवत म्हणाली, "चार पिल्लं होती. तीन पांढरी. चौथं काळं कुळकुळीत, ठोक्यासारखं."

आणि या वेळी घंटा झाली तरी ती वाक्य पुरं करूनच गेली.