उद्यापनाच्या पंगतीतला सल्ला

नदीकाठच्या एका पेठेच्या गावात त्र्यंबक नावाचा कासार राहत असे. बायकांचा हात हातात घेऊन बांगडी चढवताना तो कधी कोणाला दुखवत नसे, आणि बोलतानाही नाही. त्याची बायको मथुरा मोठी श्रद्धाळू. देवापुढे दिवा लागल्याशिवाय तिच्या घरी चहाचं आधण चढत नसे. मूलबाळ झालं नाही, पण एकमेकांना धरून दोघांचा संसार चालला होता. उणीव एकच होती. दोघंही पन्नाशीला आली, तरी डोक्यावरचं छप्पर भाड्याचं होतं.

दोन खोल्या, मागे न्हाणी आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक विहीर, असं ते घर. घरमालक खंडूअण्णा थकले होते. एके दिवशी ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "त्र्यंबकराव, मी आता लेकीकडे राहायला जातो. घर विकायचं आहे. बाहेर कुठे बोललो नाही अजून. इतकी वर्षं तुम्हीच ते सांभाळलंत, तुम्हीच घ्या."

त्र्यंबकला आनंद झाला. आयुष्यभर साठवलेली पुंजी त्या घराला पुरणार होती. पण मथुराने घरात एक फेरी मारली आणि तिचं मन खट्टू झालं. तिच्या मनात फार वर्षांपासून दुसरंच घर होतं. नव्या भिंतींचं, अंगणात तुळशीवृंदावन असलेलं, देवघराला पूर्वेची खिडकी असलेलं.

"अहो, एवढं उद्यापन होऊ द्या," ती म्हणाली. "घरासाठीच तर सोळा सोमवार धरलेत. देव काय सांगतो ते बघू, मग अण्णांना कळवू."

पावसाळा सरला, मार्गशीर्ष आला आणि उद्यापनाचा सोमवार उजाडला. मथुराने गहू, गूळ आणि तुपाचा चुरमा केला. जोडीनं जेवायला मेहुणं बोलावली. त्या दिवशी मेहुणाच्या रूपानं शंकर-पार्वतीच आपल्या घरी जेवतात, असं ती मनापासून मानत असे. पहिल्या पाटावर दिगंबरराव बसले, शेजारी त्यांच्या पत्नी सुलभाबाई. दिगंबरराव कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं गोड आणि बोलण्यात सैल.

पंगतीत खंडूअण्णांच्या घराची गोष्ट निघाली. दिगंबररावांनी चुरमा मागून घेतला आणि म्हणाले, "छे छे वहिनी, असली जुनी घरं कशाला घेता? नव्या रस्त्याला प्लॉट पडतायत. जमीन घ्या जमीन! दोन वर्षांत दुप्पट. अर्धा विकलात तरी उरलेल्यावर बंगला होईल."

"तुम्ही जेवा आधी," सुलभाबाई म्हणाल्या. "पानात गोड पडलं की यांना सगळ्या गावाचं भलं करावंसं वाटतं."

सगळे हसले. मथुरा मात्र हसली नाही. तुपाची वाटी हातात धरून ती तशीच उभी राहिली. सोळा सोमवार झाले, उद्यापनाचा दिवस, पहिल्या पाटावरचं मेहुण, आणि कोणी काही विचारलेलं नसताना निघालेले शब्द! हे दिगंबरराव बोललेच नाहीत, हे देवानं वदवलं, असं तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले.

पाहुणे गेल्यावर तिने नवऱ्याला तसं सांगितलं. त्र्यंबकने पंगतीचे पाट उचलून ठेवले. मग म्हणाला, "दिगंबरराव मोठा चांगला माणूस आहे. पण मथुरा, त्यांनी ती जमीन…"

"अहो, आज नको!" तिने त्याच्यापुढे हात जोडले. "कौल मिळालाय. त्यात खोट काढू नका."

कासाराच्या घरी बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशुभ शब्द तोंडून काढायचा नाही, ही त्या घरची रीत. त्र्यंबक त्याच रीतीत लहानाचा मोठा झालेला. तो गप्प बसला. पुढे विसार द्यायच्या दिवशीही सकाळी तो बाहेरून आला आणि काहीतरी बोलू लागला. तेव्हा मथुरा देवापुढे नारळ ठेवत होती. तिने मान न वळवताच म्हटलं, "चांगलंच बोला हं." मग त्याने पाय धुतले आणि पैशांची पिशवी तिच्या ओंजळीत ठेवली.

जमीन घेतली. खंडूअण्णांचं घर दुसऱ्या कोणी घेतलं. नवा मालक वाईट नव्हता, पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला घर रिकामं हवं होतं. "आषाढापर्यंत राहा," तो म्हणाला. मथुराला त्याची काळजी वाटली नाही. अर्धी जमीन विकायची आणि अर्धीवर बांधायचं, एवढंच तर करायचं होतं.

पण घेणारा कोणी येईना. जो येई, तो रस्त्यावरूनच पाहून परत जाई. शेवटी आषाढातल्या एका उघडिपीच्या दिवशी नवराबायको दोघं जमिनीवर गेली. जमीन दिसतच नव्हती. गुडघाभर गढूळ पाणी साचलं होतं आणि हद्दीच्या दगडांवर बेडूक बसले होते. पलीकडे म्हशी चारणारा माणूस म्हणाला, "दरसाल असंच असतं बाई. वरच्या ओढ्याचं पाणी इथंच येऊन बसतं. दिवाळीपर्यंत हलत नाही."

मथुरा तशीच दिगंबररावांच्या घरी गेली. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, खरंच घेतलीत तुम्ही?" ते म्हणाले. "मी आपलं पंगतीत बोललो. तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं असतं ना, तर सांगितलं असतं, मी ती जमीन डोळ्यानंसुद्धा पाहिलेली नाही."

त्यांच्यावर रागावायलाही तिला जागा उरली नाही. त्यांनी फसवलं नव्हतं. त्यांनी फक्त बोलून टाकलं होतं.

घरी येऊन ती चुलीपाशी बसली. तिला रडू आवरेना. "अहो, घ्यायच्या आधी एकदा जरी कोणी तिथे पाय ठेवला असता…"

त्र्यंबक भिंतीला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "मी गेलो होतो, मथुरा."

तिने वर पाहिलं.

"विसाराच्या दिवशी सकाळी. सगळीकडे लव्हाळा उगवला होता. पाणी साचतं तिथेच तो येतो. तेच सांगायला आलो होतो. तू नारळ ठेवत होतीस. तुझा चेहरा इतका आनंदात होता… मला बोलवेना."

मथुराच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं. पैसे बुडाल्याचं दुःख तिला एकाएकी लहान वाटू लागलं. देव पाहुण्याच्या तोंडून बोलतो, असं मानून तिने त्याचा शब्द झेलला होता. मग घरात जो रोज तिच्या शेजारी बसून जेवत होता, त्याच्या तोंडी देव नव्हता का? तिने त्याला हात जोडून गप्प केलं होतं. आणि त्याने प्रेमापोटी गप्प राहून तिचं नुकसान होऊ दिलं होतं.

आता घर घ्यायची ताकद उरली नव्हती. श्रावणाच्या तोंडाशी दोघं भाड्याच्या खोल्या शोधत हिंडू लागली. पावसाळी हवेत मथुराला दम्याची धाप लागे. गावाच्या टोकाला एक खोली स्वस्तात मिळत होती. दार पूर्वेला, पुढे तुळस ठेवायला जागा. मथुराला पाहताक्षणी ती आवडली. मालक किल्ली हातात घेऊन उभा होता.

मथुराने नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला कशी वाटते?"

"तुला आवडली ना? झालं तर," त्र्यंबक म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याला हेच उत्तर शिकवलं होतं तिने. ती उंबऱ्यावर बसली. "मला आवडली," ती म्हणाली. "पण मला तुमचं ऐकायचंय. कसंही असलं तरी. तुम्ही बोलेपर्यंत मी उठत नाही."

मालकाने दोनदा खाकरून पाहिलं. त्र्यंबक खोलीत फिरला. त्याने मागच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग चाचरत म्हणाला, "नको घ्यायला. भिंतीला ओल आहे. तुझा दमा वाढेल."

"बरं," मथुरा म्हणाली.

तिने पदरानं डोळे टिपले, मालकाला नमस्कार केला, आणि दोघं पुढची खोली बघायला निघाली.

तात्पर्य: न मागता मिळालेला सल्ला कितीही चांगल्या माणसाने, कितीही शुभ दिवशी दिला, तरी त्याला देवाचा शब्द मानू नये; सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिलं आहे, ते आधी विचारावं. आणि ज्याला आपल्याबरोबर त्या निर्णयाखाली राहायचं आहे, त्याचा नकार सर्वांत आधी ऐकावा, आणि त्यानेही तो वेळेवर सांगावा.