साडेसातीचं विमान

“शनीला विमानात बसवा आणि इस्रायलला सोडून या!” आडबंदरचे राजे उदाजीराव भर दरबारात गरजले.

महाराजांना साडेसाती लागली होती. महिनाभरात त्यांचा हत्ती आजारी पडला, दोन दाढा हलू लागल्या आणि राणीसाहेब माहेरी गेल्या त्या आल्याच नाहीत. राजज्योतिषी ग्रहोपाध्यांनी उपाय काढला. शनीचा वार शनिवार, दिशा पश्चिम. दर शनिवारी एकशे चाळीस माणसं पश्चिमेला धाडायची, म्हणजे साडेसाती वाटली जाईल, माणशी चिमूटभर! आता आडबंदरचं मोठं विमान पश्चिमेला एकाच ठिकाणी जात होतं, तेल अवीवला.

“शनिवारी निघायचं, शनिवारीच पोचायचं,” महाराजांनी बजावलं. “खुर्ची एकही रिकामी नको! आणि जबरदस्ती तर मुळीच नको. कुणाचा नेम मोडला तर ते पाप माझ्याच पत्रिकेत येऊन बसेल.”

हे ऐकताच वेळापत्रकाचे साहेब पाठदुखीच्या रजेवर गेले. काम येऊन पडलं शेगुला झिराडकरवर. ती विमानतळावरच्या फळ्यावर खडूने विमानांच्या वेळा लिहायची.

अडचण अशी, की आडबंदरातून इस्रायलला जाणारे जवळजवळ सगळे शेगुलाच्याच जातभाईंपैकी, म्हणजे किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारी ही मंडळी. निम्मे नातेवाईक तिकडे स्थायिक झालेले. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे देवाने नेमून दिलेला विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेलीच म्हणत. शनिवारी जे बैलगाडीत बसत नाहीत, ते विमानात कुठले बसणार?

पहिल्या शनिवारी दक्षिणेकडच्या तीन बंदरांवरून तीन छोटी विमानं आली. त्यांतले प्रवासी मोठ्या विमानात चढायचे होते. तिन्हींतून मिळून उतरला एक सुपारीचा व्यापारी आणि त्याची सासू! प्रधानजींनी घाईघाईने बाकीच्या खुर्च्यांवर फेटे बांधलेले नारळ ठेवले. महाराज स्वतः मोजायला आत शिरले. पहिल्याच नारळाला त्यांनी नमस्कार केला. उत्तर आलं नाही.

“ह्या पाहुण्याला मिशा आहेत, तोंड नाही!” महाराज कडाडले. “पुढच्या शनिवारी असं दिसलं तर ही फेरी कायमची बंद! विमानात मोर पाळीन!”

शेगुला तडक घरी गेली. तिच्या वडिलांची, बिन्यामिन तेल्यांची, थोरली बहीण इस्रायलमधल्या अश्दोदला राहायची. बावीस वर्षांत भावाबहिणीची भेट नव्हती. आत्याचे डोळे अधू होत चालले होते. शेवटचं पत्र शेजारणीच्या हातचं होतं. बाबांची बॅग तीन महिन्यांपासून भरून ठेवलेली. फेरी बंद झाली तर ती बॅग तशीच राहणार होती.

“बाबा, फक्त एक शनिवार?” तिने भीत भीत विचारलं.

“सहा दिवसांत म्हणशील तेव्हा निघतो, शेगू. सातवा मागू नकोस,” बाबा म्हणाले. “तुझ्या आत्याला दिसत नसलं तरी वार कळतो. शब्बाथला निघून आलो असं कळलं, तर दार उघडायची नाही.”

शेगुला विमानतळावर परतली. तिने तिन्ही बंदरांवर फोन लावले. चार दिवस ती फोनवरच होती. शुक्रवारी सकाळी फळा पुसला, नव्या वेळा लिहिल्या आणि फळाच डोक्यावर घेऊन दरबारात हजर झाली.

“महाराज, उद्या संध्याकाळी साडेसातला तीन छोटी विमानं तिकडून सुटतील. रात्री नऊला मोठं विमान. एकशे चाळीस खुर्च्या, एकशे चाळीस नावं. ही यादी!”

प्रधानजी खो खो हसले. “शनिवार तेली आणि शनिवारी विमानात? अगं, तुझ्या बापाला तरी विचारलंस का?”

“विचारलं ना! आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि सूर्यास्तालाच सरतो, प्रधानजी. शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की आमचा रविवार लागला. मग विमानात बसूसुद्धा आणि बंद पडलं तर ढकलूसुद्धा!”

“म्हणजे त्यांचा नेमही मोडत नाही!” महाराज खुलले.

“पण पोचणार कधी?” प्रधानजींनी मनगटावरचं घड्याळ उंचावलं. “सात तासांचा प्रवास. पहाटेचे चार! बाराच्या ठोक्याला रविवार लागतो. शनिवारीच पोचायचं, ही अट मोडली!”

महाराजांच्या भुवया चढल्या. शेगुलाने पदर सावरला.

“महाराज, आपण शनिवारी मासे खाता?”

“शिव शिव शिव!”

“मग शनिवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाने प्रधानजींनी तळलेली सुरमई पुढे केली तर?”

“ताटासकट त्यांना खाडीत टाकीन! सूर्य उगवेपर्यंत शनिवारच!”

“ऐकलंत, प्रधानजी? विमान सूर्य उगवायच्या आत उतरतं. आणि तिकडे तर सूर्य आपल्याहूनही उशिरा उगवतो.”

प्रधानजींनी घड्याळ हळूच बाहीत लपवलं. पण ग्रहोपाध्ये उठले. “सगळं खरं! पण शनि तिकडून परत आला तर?”

महाराजांचा चेहरा उतरला.

“येईल कसा?” शेगुला म्हणाली. “महाराजांच्या पंचांगात तो शनिवारी निघून शनिवारी पोचला. आमच्या हिशेबाने रविवारी निघून रविवारी पोचला. प्रधानजींच्या घड्याळात शनिवारी निघाला आणि रविवारी पोचला. परतीच्या तिकिटाला गेला, की खिडकीवरचा माणूस पहिलं हेच विचारणार, ‘कुठल्या वारी आलात?’ बसू दे मग बोटं मोजत!”

महाराज इतके हसले, इतके हसले, की मुकुट घरंगळून मांडीवर आला. “साहेबांची पाठ दुखते ना? मग ती खुर्ची आजपासून तुझी! आणखी माग, पोरी!”

“यादीत पहिलं नाव माझ्या बाबांचं आहे. त्यांना खिडकीजवळ बसवा.”

“बसवलं! शेजारी कोण आहे त्यांच्या?”

“मी, महाराज. न विचारताच लिहिलंय.”

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर सही ठोकली.