राजाला पाडणारी शेवंती घोडी

पाय आत घ्या सगळ्यांनी. यमुने, भिंतीकडे सरक. केशा, तिच्या अंगावर पाय टाकू नकोस, ती काही घोडी नाही. काय म्हणतोस? गोधडी टोचते? टोचू दे. कालच धुतलीय, नवी धुतलेली गोधडी टोचतेच. गोष्ट ऐक, म्हणजे टोचायची थांबेल.

तर एकदा काय झालं, मोरकडा नावाच्या राज्यात तुळाजीराजा राज्य करत होता. पोट मोठं, मिशी मोठी, अक्कल बेताची. आपल्या केशासारखाच, फक्त मिशी जास्त. त्याला एकच वेड होतं, घोड्यावर बसायचं.

पाऊस सरला, चिखल वाळला, की राजा घरात ठरायचा नाही. आश्विनातली सकाळ, बरं का. गवत कमरेएवढं, वरून पिवळं, बुडाशी हिरवं, त्यावर दव. वर चतुर भिरभिरतायत. अशा गवतातनं राजा आपली घोडी सोडायचा. शेवंती तिचं नाव. शेवंतीच्या फुलासारखाच पिवळा रंग. ती दौडायला लागली की गवत दोन्ही बाजूंना वाकायचं आणि राजा वरनं खदाखदा हसायचा. ते हसणं तीन गावं ऐकू जायचं. बायका म्हणायच्या, "आले गं महाराज, दूध बघा." कारण त्या हसण्यानं चुलीवरचं दूध उतू जायचं. खोटं वाटतं? मग झोप, तुझ्यासाठी नाही ही गोष्ट.

पण राजाला हौस फक्त बसायची. घोडीचं काही करायची नाही. उतरला की लगाम फेकायचा आणि जेवायला पळायचा. मग घोडीचं करायचं कुणी? तर ठकूबाईनं. ठकूबाईचा नवरा राजाच्या तबेल्यात कामाला होता, पण तो घोड्यांना भ्यायचा. म्हणून कामाला हीच जायची, आणि पगडी तो घालायचा. मग नवरा गेला, आणि काम रीतसर तिचं झालं. रोज उठून ती शेवंतीला खरारा करायची, म्हणजे दात्यांच्या ब्रशानं सगळं अंग घासायची. मग खुरातले खडे काढायची, शेपटी विंचरायची, भिजवलेले हरभरे घालायची आणि शेवटी गुळाचा खडा.

आता एक गंमत सांगते. शेवंतीला बोलता यायचं. पण कुणाशी? ज्यानं स्वतःच्या हातानं तिला कानापासून शेपटीपर्यंत खरारा केला, त्याच्याशीच. बाकीच्यांशी नाही. अकरा वर्षं ती ठकूबाईशी गप्पा मारत होती. गप्पा कसल्या? जास्त करून राजाच्या वजनाच्या.

मग आला दसरा. मोरकड्याची रीत अशी, की दसऱ्याला सूर्य बुडायच्या आत राजानं शेवंतीवर बसायचं, गावाबाहेरचा ओढा ओलांडायचा आणि पलीकडून आपट्याची पानं आणायची. आणली तर तो आणखी एक वर्ष राजा. नाही आणली तर घोडी दुसऱ्या ज्याला पाठीवर नेईल, तो राजा. इतकी वर्षं काही अडलं नव्हतं. पण त्या वर्षी राजाला आला उत्साह.

दसऱ्याआधी आपण घरातलं सगळं धुऊन काढतो की नाही? राजा म्हणाला, "तबेल्याचाही दसरा काढा." मग झुली धुतल्या, दोर धुतले, आणि खोगिराखाली घालायची ती जाड लोकरीची घडी, तिला नमदा म्हणतात, तोही नदीवर नेऊन धुतला. राजा स्वतः तिथं उभा राहून सांगत होता, वाळत कुठं घालायचं ते.

ठकूबाई म्हणाली, "बाळराजे, नमदा खडकावर घाला. गवतावर नको."

राजा म्हणाला, "मावशी, गवतावर वारा खालनं लागतो. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

ठकूबाईनं पदर खोचला आणि ती दोर पिळायला गेली. नमदा गवतावर वाळला.

गप गं यमुने. तुला कळलं असेल, राजाला अजून कळलं नाही. मध्ये बोलू नकोस.

दसऱ्याच्या दिवशी शेवंतीच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. कपाळाला कुंकू लावलं. नमदा टाकला, त्यावर खोगीर आवळलं. ताशे वाजले. तुळाजीराजा रिकिबीत पाय घालून वर चढला, खोगिरात टेकला, आणि शेवंतीनं अशी काही पाठ उडवली की राजा थेट झेंडूच्या ढिगात. मिशीतनं झेंडू बाहेर. ताशेवाले थांबले. मग पुन्हा वाजवू लागले, कारण दुसरं करायचं काय?

राजा दुसऱ्यांदा चढला, दुसऱ्यांदा पडला. आता सूर्य कलायला लागला. मग प्रधान पुढं आला. त्याच्या मनात कधीपासून राजा व्हायचं होतं. तो हळूच चढला, हळूच टेकला, आणि हौदात पडला. हळू नाही, धबकन. मग सेनापती आला. तो म्हणाला, "घोड्याला जरब लागते." मग जरब घेऊन बसला, आणि कडब्याच्या गंजीवर डोकं खाली, पाय वर असा निघाला. पाय बराच वेळ हलत होते.

लोक म्हणाले, "ठकूबाईला बसवा, तिला पाडणार नाही ती."

ठकूबाई म्हणाली, "मला गुडघे आहेत बाबांनो. राज्य घेऊन कुठं चढू-उतरू?"

आता मात्र राजाचं तोंड उतरलं. राज्य जाईल, हे तर होतंच. पण राज्य गेलं की शेवंतीही जाईल, नव्या राजाची होईल. उद्या सकाळी गवत असेल, दव असेल, चतुर असतील, आणि आपण पायी. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. तो ठकूबाईजवळ गेला.

"मावशी, हिला झालंय काय?"

"मला काय कळतं त्यातलं?" ठकूबाई म्हणाली. "तिलाच विचारा."

"घोडीला?"

"ती सांगेल. पण आधी खोगीर उतरवा, आणि खरारा करा. कानापासून शेपटीपर्यंत. तुमच्या हातानं."

राजानं अंगरखा काढला. कधी केलं नव्हतं बिचाऱ्यानं. खरारा उलटा धरला. ठकूबाईनं सुलटा करून दिला. मग लागला घासायला. मान झाली, खांदा झाला. धूळ नाकात गेली, राजा तीनदा शिंकला. पोटाखाली वाकताना कंबर धरली. शेवंतीचं अंग ऊन ऊन होतं, घासेल तसं चमकत होतं. राजाला वाटलं, अरे, हिच्या डाव्या कानामागं पांढरा ठिपका आहे. अकरा वर्षं बसतोय आपण, आणि ठिपका माहीत नाही. शेवटी शेपटीपर्यंत आला, आणि तेवढ्यात आवाज आला.

"मांडीवर आणखी एक हात मार. तिथं राहिलंय."

राजानं इकडंतिकडं पाहिलं. प्रधान तर कपडे पिळत होता.

"अरे, मीच," शेवंती म्हणाली. "पाठीला माझ्या काही झालेलं नाही. तो नमदा उलटा करून बघ. तू त्यावर बसलास की मला शंभर सुया टोचतात."

राजानं नमदा उलटा केला. खालून नुसतं कुसळ. वाळल्या गवताची कुसळं, टोकदार, लोकरीत घट्ट रुतलेली. राजानं एक उपटलं, दुसरं मोडलं, तिसरं त्याच्याच बोटात गेलं. तो ठकूबाईकडं बघेना. ठकूबाई आभाळाकडं बघत होती, तोंड दाबून.

"चुकलं माझं, मावशी," राजा म्हणाला.

"माझी नको मागू माफी," ती म्हणाली. "टोचलं तिला."

राजानं शेवंतीपुढं हात जोडले. पण सूर्य तर डोंगराला टेकला होता. कुसळं काढत बसायला वेळ कुठं?

शेवंती म्हणाली, "उघड्या पाठीवर बस. आयाळ धर, आणि जरा श्वास आत घे, पोट कमी होईल."

मग राजा तसाच चढला. ना खोगीर, ना झूल. आणि शेवंती अशी निघाली म्हणता! ओट्यांवरच्या बायकांचे पदर उडाले. गवतात शिरली, तर खूर मातीला लागेनात, नुसत्या गवताच्या शेंड्यांवरून चाललेली. दवाच्या जागी आता तांबडं ऊन सांडलं होतं. राजाला आधी भीती वाटली, मग हसू आलं, आणि मग त्याला काही आवरेना. सूर्यानं ते हसणं ऐकलं आणि बुडायचं विसरून डोंगरावर कोपर टेकून बघत बसला. शेवंतीनं ओढा एका उडीत ओलांडला. राजानं बसल्या बसल्या आपट्याची डहाळी तोडली. मग सूर्याला आठवण झाली आणि तो घाईघाईनं बुडाला.

त्या संध्याकाळी मोरकड्यात प्रत्येक घरी दूध उतू गेलं.

राजा परत आला आणि पहिलं पान त्यानं दिलं शेवंतीला. तिनं खाल्लं. दुसरं दिलं ठकूबाईला. ती म्हणाली, "सोन्यासारखा राहा, आणि उद्या पहाटे वेळेवर ये. शेण मी एकटी नाही उचलणार." तेव्हापासून राजा रोज तबेल्यात खरारा करायचा, आणि शेवंती त्याला त्याच्याच वजनाबद्दल तोंडावर सांगायची. प्रधान आणि सेनापती नमद्यातली कुसळं काढत बसले, ती कोजागरीला संपली. मग सगळ्यांनी मिळून मसाल्याचं दूध प्यायलं. घोडी दोन बादल्या प्यायली.

राजा हसला, घोडी धावली, सगळी मंडळी सुखात राहिली. तुम्ही आता डोळे मिटा.

काय रे केशा? अजून टोचतंय? दाखव ती गोधडी इकडं. हं. इथं एक. हे बघ, दुसरं. अरे देवा, इथं तर अख्खी ओळच आहे.

काल दोरीवर जागा नव्हती, म्हणून मीच घातली होती मागच्या गवतावर. तुझी आई नको म्हणाली होती. तिला सांगू नकोस. ही माझी शाल घे, आणि झोप.