सीतेच्या आसवांखाली

“सर, प्रस्तावना देणार की नाही, तेवढं सांगा.”

ही गोष्ट शपथेवर खरी. सांगणारा तेव्हा तिथे नव्हता. पण असता, तर त्याला ती इतकी खरी सांगता आली नसती.

विचारणारा होता विश्राम गवाणकर. पहिलाच कवितासंग्रह, सरांच्या चार ओळींसाठी छापखान्यात अडकलेला. सर म्हणजे भार्गव खांबेटे. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि कविता अशा लिहिल्या की गवत कापणाऱ्या बाया त्या गुणगुणत.

सरांची एक रीत होती. फुलावरची कविता ते घरात ऐकत नसत. त्या फुलाशेजारी पालथं पडून ऐकत. इतके निश्चल, की एकदा बाजूला ठेवलेल्या टोपीत चंडोलाने अंडी घातली. पिल्लं उडेपर्यंत सर उघड्या डोक्याने हिंडले.

तर भाद्रपदात दोघेही ओल्या कातळावर पालथे. समोर सीतेची आसवं. टीचभर दांड्यांवर जांभळी फुलंच फुलं.

“बक्षीस मिळालेली कविता आहे, सर.”

“असू दे. म्हण.”

विश्रामने म्हटली. वनवासातली सीता, तिचं सोसणं, मुंगीलाही न दुखावणारं तिचं रडणं...

“नाद छान आहे,” सर म्हणाले. “फुलाच्या खाली पाहिलंस?”

“खाली चिखल आहे.”

सरांनी टाचणीने फुलाच्या दांड्याला जोडलेले चिखलातले दोन धागे उचलले, तळहातावरच्या पाण्यात सोडले आणि भिंग पुढे केलं.

धाग्यांना मोहरीहून बारीक पिशव्या लगडलेल्या. एका पिशवीत कसलासा जीव अजून पाय झाडत होता.

“हे काय, सर?”

“जेवण चाललंय. कातळावर माती ती केवढी! ही वनस्पती किडे गिळते, तेव्हा फुलते.”

विश्रामचा डोळा भिंगावरून हलेना. वारा आला, फुलं डोलली...

“बक्षीस देणाऱ्यांनी पण खाली पाहिलं नाही,” तो पुटपुटला.

“ते खुर्चीवर बसले असतील.”

“म्हणजे ही कविता मेली. प्रस्तावनाही गेली.”

सर उठले. गुडघ्याचा चिखल झटकला...

टोपीतली अंडी तेवढी पदरची. पुढचं मात्र सरांचंच, अक्षर न् अक्षर.

“देईन की प्रस्तावना. आधी कवितेला जेवू घाल. आत्ता कुठे भूक लागलीय तिला.”